ड्यूटी सुटल्यावर
सातपूरच्या थांब्यावर सकाळी बसची वाट बघत उभ्या लहानूच्या कानावर मागच्या दोघींचं बोलणं पडत होतं. एक ड्यूटीवरून सुटलेली सिस्टर, दुसरी नर्सिंगचा फॉर्म भरायला निघालेली खेड्यातली पोरगी.

"सिस्टर, आधी काय शिकावं लागंल?"

"उभं राहायला शीक. इंजेक्शन नंतर येतं."

"अन् पेशंट ओरडला तर?"

"ओरडू दे. जो गप्प झालाय त्याच्याकडे आधी बघायचं."

"तुम्हाला कंटाळा नाय येत?"

"येतो की. पाय गळून गेलेत बघ. गेटबाहेर पडले की मी नर्सबिर्स सगळं विसरते."

"मग मघापासून माझं मनगट कशाला धरलंय?"

लहानूनं वळून पाहिलं. सिस्टरची नजर घड्याळावर होती.

"नाडी एकशे दहा. सकाळपासून पोटात काही नाही ना तुझ्या?"