अनंतपंतांचा भारी शब्द

मंडळी, ऐका! अर्थ न कळता वावगा शब्द बोलला, तो अडाणी. कबूल! पण अर्थ पुरता ठाऊक असून बोलला – तो कोण? बोला की!

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. निंबेवाडीत अनंतपंत मास्तर होते. पंचक्रोशीत इंग्रजी येणारे एकटेच! मग काय विचारता – चालायचे असे, की जमिनीवर उपकारच! पोरांना घोकून घ्यायचे, "वाँडर म्हणजे वाट फुटेल तिकडे हिंडणं. रोम म्हणजे मोकळेपणी दूरवर फिरणं. स्ट्रे म्हणजे वाट चुकणं. आणि प्राउल – दबकत, वाईट हेतूनं घिरट्या घालणं!"

एकदा गावात यल्लप्पा वैदू आला. दारोदार झाडपाला विकू लागला. पाटलांना ते खपेना. म्हणाले, "मास्तर, तालुक्याच्या साहेबाला कळवा, वैदू गावात हिंडतोय."

पंतांनी टाक शाईत बुडवला. वाँडर लिहायचं... छे! तो तर पोरासोरांचा शब्द! साहेबावर छाप कशी पडणार? लिहिलं – प्राउल! वा रे विद्वान! तिसऱ्या दिवशी यल्लप्पाच्या हातांत बेड्या!

कचेरीत साहेबानं विचारलं, "मास्तर, प्राउल? नक्की?"

खरं सांगावं, तर पंतांचं इंग्रजी कच्चं ठरतंय. यल्लप्पाकडे बघवेना. खाली बघूनच म्हणाले, "येस सर." साहेब हुकूम लिहायला बसला – सहा महिने सक्तमजुरी!

बाहेर यल्लप्पाची बायको सायव्वा, नवऱ्याची झोळी उराशी धरून. तिनं पंतांचे पाय धरले. "गुरुजी, माज्या धन्यानं केलं काय, त्ये तरी सांगा!"

पंत कसेबसे म्हणाले, "हिंडला."

"हिंडला? मग सायबाला तसंच सांगा की!"

पंत वळले, पायऱ्या चढले. "सर, सही करू नका. शब्द चुकला नाही – मी जाणूनबुजून खोटा लिहिला."

यल्लप्पा सुटला. पंतांची मास्तरकी गेली.

अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? निरपराध माणसाच्या मनगटावर बेडीचे वळ उठले, त्याचं काय? आणि तुम्ही! परवा आळीत चादरी विकायला एक परकी बाई आली. दार लावून घेत घरात काय म्हणालात? "टेहळणी करतेय!" पाहिलंत? नाही! मग कशाला म्हणालात?

आता नाव घ्यायचंय देवाचं. आधी जीभ धुवा!