फुसफुशीचा डावा खांदा

(लोणावळा, वळवण. १९७४ सालच्या हिवाळ्यातली सकाळ, दाट धुकं. अंगणात फणसाखाली जुनी विलायती बस. मेकॅनिक गंगाधर बसभोवती फिरतो आहे, रजनी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन उभी आहे. व्हरांड्यात खुर्चीवर तिचे वडील, त्र्यंबक.)

गंगाधर : काल मी तळेगावची लोकल पकडली तेव्हा सरळ होती ना ही? खरं सांगा.

रजनी : अगदी सरळ. तुम्ही इंजिन लावलंत, ही फुस्स करून उठली, ती रात्री मी निजेपर्यंत तशीच. सकाळी दार उघडलं तर पुन्हा खांदा पाडून बसलेली.

गंगाधर : आणि पुन्हा डावाच खांदा. पुढचा, दाराकडचा. जिद्दीची आहे बाई! चला, इंजिन लावतो. हवा भरल्याशिवाय बुडबुडा दिसायचा नाही... हं. उठा राणीसाहेब. उठली बघा.

रजनी : मला याचंच नवल वाटतं, गंगाधरभाऊ. स्प्रिंगचे पाटे तुटले की गाडी कलते हे ऐकलंय. पण हिचं दुखणं रात्री येतं आणि इंजिन लावलं की पळतं.

गंगाधर : हिला पाटे आहेत कुठे, ताई! पाट्यांच्या जागी रबरी फुगे. इंजिन हवा टाकीत भरतं, टाकीतून ती फुग्यांत येते. अख्खी गाडी हवेवर टेकलेली. कुठून तरी हवा निसटली की तो कोपरा खाली. म्हणून खाली ठोकळे लावून शिरतो, आणि जोडाजोडावर साबण फासतो. जिथं बुडबुडा, तिथं चोर. बादली सरकवा.

रजनी : अशा बऱ्याच गाड्या दुरुस्त केल्यात तुम्ही?

गंगाधर : ही दुसरी. पहिली भंगारात होती.

रजनी : बरं झालं विचारलं.

गंगाधर : हसू नका. मुंबईत गोदीवर होती म्हणे ही?

रजनी : हो. परदेशी टूरवाले घेऊन आले रस्त्यानं, काबूल-लाहोर करत. त्यांचा धंदा बुडाला आणि ही गंजत पडली. अण्णांनी आणली आणि तळेगावच्या कारखान्याला लावली. सकाळी लोणावळ्याहून कामगार न्यायचे, संध्याकाळी आणायचे. ही फुसफुस करते म्हणून सगळे फुसफुशी म्हणायला लागले. अण्णा चिडायचे. म्हणायचे, ही चालत नाही, तरंगते.

गंगाधर : तरंगायची?

रजनी : मी कॉलेजला तळेगावपर्यंत हिच्यातूनच जायचे, पुढे लोकल. मागच्या बाकावर झोपायचे. धुकं असलं की चाकं रस्त्याला लागतायत की नाही तेच कळायचं नाही. झोपेत वाटायचं, आपण ढगातून चाललोय. डोळे उघडले तर बाहेर खरंच काही नसायचं. नुसतं पांढरं. मग पुन्हा झोपायचे.

गंगाधर : शाळेत कविता शिकवता वाटतं.

रजनी : गणित.

गंगाधर : हात्तिच्या! मग एवढा जीव असताना विकता कशाला?

रजनी : अण्णांसाठीच. त्या खुर्चीतून दिवसभर हिच्याकडे बघत असतात. गेल्या वर्षी उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दत्तोबा म्हणून एक ड्रायव्हर ठेवला होता, तो परवापरवापर्यंत चालवत होता. पण संध्याकाळी गाडी अंगणात आली की अण्णांचे डोळे... मला बघवत नाही हो. आत नेऊन बसवावं म्हटलं एकदा, तर पायरी ही एवढी उंच. शेजारचे हनुमंतराव आणि दोघं-तिघं आले उचलायला. अण्णांनी डाव्या हातानं हनुमंतरावांच्या मुस्कटात दिली.

गंगाधर : शाब्बास!

रजनी : शाब्बास काय? मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. काठी घेऊन आठ-दहा पावलं टाकतात, पण अंगाला कुणी हात लावलेला खपत नाही. म्हणून शेवटी विचारलं, अण्णा, विकू का हिला? तर हात असा पुढे धरला आणि सावकाश खाली नेला. जाऊ दे, असू दे, म्हणतात ना आपण, तसा. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच हात. मग महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला होकार कळवला. आज दुपारी यायचेत. वाकडी गाडी घाटातून नेणार नाही, असं बजावून ठेवलंय त्यांनी.

गंगाधर : म्हणजे चोर दुपारच्या आत सापडायला हवा. आणि चोर तर... फुगा कोरडा. जोड कोरडा. ही लेव्हलची कडी, गाडीची उंची राखणारी, हीही कोरडी. अहो, एक बुडबुडा नाही! हवा जाते कुठे मग? डोकं चालेना माझं.

बायडाबाई : हाय का कुनी घरात? तिरंबकभाऊ हितंच ऱ्हातो न्हवं?

रजनी : हो, या ना. धुक्यात दिसला नाहीत. कोण आपण?

बायडाबाई : मी बायडाबाई. टाकव्याच्या वरल्या वाडीची. तू रजनी व्हय? लय आयकलंय तुझं. गाडी इकत्यात म्हून कान्हे फाट्यावर बोलत व्हते, तवा म्हनलं एकडाव बगून यावं. ह्यो काय, भाऊ! वळकलं का मला? आगं, हसतोय की ह्यो!

रजनी : हसले? अण्णा हसले?

बायडाबाई : अर्ध्याच तोंडानं, पर हसला. आन ही बया बग, कशी ताट हुबी हाय! मला बगून बी बसंना. इसरली जनू.

रजनी : बसेना म्हणजे?

बायडाबाई : बसायची की ही माझ्यासाटी. रोज.

गंगाधर : आजी, काय म्हणालात?

बायडाबाई : ह्ये गाडीखालनं कोन बोलतंय?

रजनी : मिस्त्री आहेत. मावशी, नीट सांगा. गाडी बसायची म्हणजे काय?

बायडाबाई : आता काय सांगू! माझा ह्यो गुडगा. पेंढ्याच्या उडवीवरनं पडले, तवापास्नं वाकतच न्हाई. तळेगावला बाजारात भाजीची पाटी न्यायची म्हनलं, तर कुटल्या बी गाडीची पायरी माझ्या कंबरंला. मंग वरनं कुनीतरी हात धरून वडायचं, खालनं कुनीतरी ढकलायचं. पोत्यावानी. आन आतली मानसं दात काडायची. लाज वाटायची ग. म्हातारी झाले म्हून काय, लाज ऱ्हात न्हाई व्हय?

रजनी : राहते, मावशी.

बायडाबाई : एक दिस ह्याची गाडी थांबली. कामगार हात द्याया लागले. माझं डोस्कं फिरलं. मी तितंच रस्त्यात बसले फतकल घालून. म्हनलं, हात लावायचा न्हाई मला! म्हस येवडी थोरली, ती बी खाली बसती. तुझ्या गाडीला म्हनावं, तू बस खाली, मंग येते मी!

गंगाधर : मग? अण्णा काय म्हणाले?

बायडाबाई : त्येनं पायरी बगितली, माझा गुडगा बगितला. निगून गेला. पर पुडल्या आटवड्यात, असंच धुकं व्हतं बग. हाताला हात दिसंना. दिवे आले, गाडी हुबी ऱ्हायली, आन माझ्या म्होरं फुस्स करून खाली आली. हळूच. म्हस बसती तशी, आदी म्होरला पाय मुडपून. मला वाटलं मी सपान बगतेय. पायरी हितं, माझ्या नडगीपाशी! चडले मी माझ्या पायानं. कुनी हात लावला न्हाई. आन मी बसल्यावर बया आपसूक हुबी ऱ्हायली.

रजनी : माझं कॉलेज संपल्यावरची गोष्ट असणार. अण्णांनी घरी कधीच सांगितलं नाही.

बायडाबाई : वाडीत तरी कोन आयकतंय? शेजारची येसू म्हनाली, म्हातारीला चळ लागला. मंग एक दिस समदी पोरं घिऊन आली फाट्यावर. गाडी बसली तशी येसू हात जोडून हुबी!

गंगाधर : ताई! ताई, हिला बसवायची कुणीतरी मुद्दाम सोय केली असणार, हवा मधेच दुसरीकडे काढून! म्हणून खाली बुडबुडा नाही. थांबा... ही बघा. तांब्याची बारीक नळी. उजव्या बाजूला अशी नाहीच. ही कंपनीची नव्हे, कुणीतरी हातानं वाकवलीय. फळीतून वर गेलीय. तुम्ही आत चढा, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घाला.

रजनी : घातला. कांबळ्याचा तुकडा आहे... त्याच्याखाली... अगं बाई!

गंगाधर : काय आहे?

रजनी : तोटी. पितळेची. गंगाधरभाऊ, ही आमच्या बंबाची तोटी आहे!

गंगाधर : न्हाणीतल्या बंबाची?

रजनी : हीच ती, मोराच्या मानेची! एका सकाळी बंबाला तोटीच नव्हती. चिंध्या गुंडाळलेली खुंटी ठोकलेली. आईनं सगळ्या आळीवर संशय घेतला. भांडीवालीशी भांडली, गवळ्याला दारातून हाकललं. आणि अण्णा मान खाली घालून पिठलं-भात जेवत होते. आई जाईपर्यंत ती तोटी शोधत होती हो.

बायडाबाई : आन तोटीवर मी फिरत व्हते. आई, आई ग!

गंगाधर : काय डोकं म्हणायचं! इंजिन हवा भरत राहतं, पण तोटीचं तोंड मोठं, म्हणून तोटी जिंकते आणि कोपरा खाली येतो. तोटी बंद केली की गाडी आपली आपण वर. फक्त तोटी पाण्याची, हवेला किती दिवस पुरणार? आतून झिजली. रात्रभर कणाकणानं हवा सोडते. सापडला चोर! आता सोपं आहे, ताई. तोटी काढतो, नळीचं तोंड बंद करतो. जेवणाच्या आत गाडी कायमची सरळ.

बायडाबाई : ह्यो काय सांगतोय बग तुझा बाप. हात बग.

रजनी : ते नेहमीचंच, मावशी. जाऊ दे, म्हणतात.

बायडाबाई : जाऊ दे? आगं, ह्यो हात मला रोज काचंतनं दावायचा ह्यो! हात असा खाली न्यायचा. म्हंजी, दम धर म्हातारे, गाडी खाली घेतो.

रजनी : खाली घेतो...

गंगाधर : ताई? काय झालं?

रजनी : मी विचारत होते, विकू का. आणि ते सांगत होते, खाली घे. उचलायला माणसं आणली तेव्हाही हात असाच होता. आधी हात खाली, मग ती थोबाडीत. आणि गेल्या महिन्यात सकाळी गाडी बसलेली असली की काठी घेऊन तिच्याकडे निघायचे. मीच दंडाला धरून परत बसवायचे. अण्णा, गाडी बिघडलीय, पडाल! रोज सकाळी, गंगाधरभाऊ. गाडी त्यांच्यासाठी बसायची आणि मी त्यांना मागे ओढायचे.

बायडाबाई : रडू नगं. त्यो तुज्यावर रागावला असता तर तुला बी दिली असती एक.

रजनी : अण्णा, जायचंय ना तुम्हाला आत? हो? थांबा. गंगाधरभाऊ, तोटी काढू नका.

गंगाधर : मग गाडी रात्री पुन्हा कलणार.

रजनी : हवेसाठीची चांगली तोटी मिळते ना? ती बसवा हिच्या जागी.

गंगाधर : मिळेल. पण महाबळेश्वरवाले?

रजनी : येऊ देत. इतक्या लांबून येतायत, पोहे करू. ठोकळे काढा, तुम्ही बाहेर या. आलात बाहेर? सोडते आता.

गंगाधर : सावकाश. अर्धीच फिरवा... ऐकलंत?

बायडाबाई : आली, आली! आगं, तशीच येती अजून! धुक्यातनं कशी येती बग, लाजल्यावानी.

रजनी : अण्णा, या. नाही, मी येत नाही जवळ. मी इथं आत आहे, सीटपाशी. तुमचे तुम्ही या.

बायडाबाई : मिस्तरी, मागं व्हा. कुनी हात लावायचा न्हाई.

गंगाधर : पडले तर?

बायडाबाई : पडला तर उटंल. मागं व्हा म्हनते ना!

गंगाधर : काठी ओलीवर सटकते की काय... नाही. आले. दांडा धरला डाव्या हातानं.

बायडाबाई : आता डावा पाय. हां. आन त्यो उजवा नुसता मागनं वडून घे, भाऊ, माझ्यावानी. हां, तस्सा!

रजनी : चढले. मावशी, चढले!

बायडाबाई : दिसतंय की मला. आंधळी न्हाई मी, लंगडी हाय.

गंगाधर : बसले का सीटवर? पाठमोरे आहेत, मला नीट दिसत नाही.

रजनी : बसले. चाकावरून हात फिरवतायत. काच पुसतायत बाहीनं. बाहेर तर काहीच नाही, अण्णा, नुसतं पांढरं.

बायडाबाई : माझी जागा रिकामीच हाय न्हवं? डायवराच्या मागली. आले मी.

गंगाधर : मी एकटा खाली काय करू? येतो मीही. सरका आजी.

रजनी : अण्णा, काय हवंय? मी हात धरत नाही. काय दाखवताय, सांगा... असा... वर?

बायडाबाई : सावकाश नेतोय बग, लय सावकाश.

रजनी : कळलं, अण्णा. उठवते.