आईचा झेल

तुम्ही सगळे क्रिकेटवाले, आमच्या घरात मात्र लहानपणापासून बेसबॉल. बाबा तेव्हा जर्मनीत हायडेलबर्गला डॉक्टरेट करत होते. शेजारच्या लष्करी तळावरच्या अमेरिकन सैनिकांनी आम्हाला या खेळाचं असं वेड लावलं, की दर रविवारी आम्ही त्यांच्या मैदानावर हजर. माझा तान्हा भाऊसुद्धा बाबागाडीत असायचा.

एकदा सामना अगदी अटीतटीला आला होता. फलंदाजाचा फटका तिरका बसला आणि चेंडू सरळ बाबागाडीकडे सुटला.

"अगं, बाळ!" बाबा ओरडले. आई झेपावली आणि तिने उघड्या हाताने तो चेंडू बाळाच्या तोंडासमोर झेलला.

बघता बघता आईचं बोट टम्म सुजलं. प्रेक्षकांतले सैनिक धावत आले, तिच्याभोवती कोंडाळं झालं. बाबांनी तिचा हात धरला. "चल, आधी डॉक्टरकडे जाऊ."

आईने बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहिला. बाळ गाढ झोपलं होतं. तिने डोळे पुसले.

"अहो, जाऊ की. पण आधी या सगळ्यांना खाली बसवा. शेवटचा गडी खेळतोय, मला काही दिसत नाहीये!"