द्वारकाबाईंच्या गोठ्यातली हवा

न्हाय न्हाय मॅडम, हवा मोजायचं मशीन दारात नको, तिथं वारा लागतो — आत या, उकिरड्याजवळ. नाकाला रुमाल लावा... नको? बरं. आठ म्हशी हायत, सगळ्या आईच्या. मी मुलगा, योगेंद्र. माझा काय संबंध न्हाय हां, मी जेसल पार्कला राहतो, तुम्ही येणार कळलं म्हणून आलो — सहज. तक्रार कोणी केली देव जाणे! पण बरोबर केली. थंडीत हवा खाली बसते, गोठ्यातला अमोनिया गाड्यांच्या धुरात मिसळतो, त्याची बारीक धूळ होते, ती पोरांच्या छातीत जाते — शास्त्र हाय ते. तीन दिवस वाचत होतो मी... म्हणजे, तक्रार करणाऱ्यानं वाचलंच असणार ना.

किती दाखवतंय? एवढंच? परत लावा की, बिघडलं असेल. असं कसं होईल — पहाटे मी स्वतः फावड्यानं उकिरडा खालवर केला, मुताची नाली फोडून शेणात सोडली, नुसता अमोनियाचा भपकारा सुटला होता! का म्हणजे? मदत. आईला मदत नको करायला?

तिनं परत बांधली नाली? घ्या! हे असं. भातशेती होती तेव्हापासूनचं खूळ — मूत वेगळं, शेण वेगळं, म्हशींखाली सुका पेंढा, उकिरड्यावर झावळ्या. सासूनं शिकवलेलं. अमोनियाचं नावपण ऐकलेलं न्हाय आणि अमोनिया होऊच देत न्हाय, काय करायचं अशा बाईचं?

मॅडम, आकडा थोडा वर लिहिला तर कोणाचं काय जातंय? बिल्डर देवमाणूस हाय. इथं बावीस माळे बांधणार, चौदाव्यावर माझा फ्लॅट, गच्चीवर झाडं लावणार — हवा किती सुधारेल आपल्या नवघरची! फक्त गोठा बंद झाला पायजे. आईला बिल्डरचं अजून बोललो न्हाय. गोठा बंद करायचं काढलं की ती म्हणते, मी गेल्यावर काय ते कर. आता तिची तब्येत बघाल तर — ठणठणीत हाय हो, तोच तर प्रॉब्लेम हाय.

अगं आई, तू कशाला आलीस दूध घेऊन? झालं, निघाल्याच मॅडम. हो, पास हाय तुझा गोठा. हो, बरं झालं.

मॅडम, फोन कोणाला? तक्रारदाराला? रिझल्ट कळवायला? राहू द्या हो, बिझी असेल तो, नंतर लावा —

न्हाय आई, तुझा न्हाय वाजत. माझा हाय.

उचलतो ना.

हॅलो.