भुंग्या गुरगुरत नाही

मी : भुंग्याला इंजेक्शन देऊन मारायचं ठरलंय का?

आई : अगं, दप्तर तरी खाली ठेव. हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात?

मी : कोणी नाही. म्हणजे, आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून. डबडी म्हणाली, तुमच्याकडे तसंच ठरलं असणार, मोठी माणसं असं सांगत नाहीत. आणि लंबू म्हणाली, तू आईबाबांना हे तोंडावर विचारूच शकणार नाहीस, लाव पैज. लावली. विचारलं. आता हो की नाही एवढंच सांगा.

बाबा : हळू बोल. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलाय.

मी : दिसला. दिसला म्हणूनच आत आले. दिवा विझेपर्यंत थांबले असते तर पुन्हा धीर गोळा करावा लागला असता.

बाबा : लिफ्टच्या सूचना आहेत, पोरी. आज द्यायच्यात. ‘दार बंद होत आहे’ एवढंच राहिलं होतं, त्यात तुझा आवाज आला.

मी : बाबा, गावभरच्या लिफ्टमध्ये तुम्ही बोलता. घरात एक ‘हो’ किंवा ‘नाही’ बोला ना.

आई : तो टेबलाखालीच आहे. त्याच्यासमोर नको.

बाबा : त्याला काय कळतंय? ... शनिवारी न्यायचंय त्याला.

मी : कुठे?

बाबा : डॉक्टरांकडे.

मी : तपासायला?

बाबा : तपासून झालंय.

आई : मी सांगणार होते तुला. आज रात्री.

मी : जेवण झाल्यावर. म्हणजे चार घास तरी पोटात जातील. ओळखते मी तुला.

आई : मग काय करू, सांग. कापूस गेली, बाळा. आपल्या कुत्र्याने मारली तिला. वरच्या मजल्यावर त्या सिस्टर एकट्या, आयुष्यभर दुसऱ्यांची आजारपणं काढली, आणि म्हातारपणी जवळ एवढंसं कुत्रं. तेही राहिलं नाही. जिन्यात कोणाची चाहूल लागली तरी मी परत घरात येते.

बाबा : आणि ही पहिली वेळ नाही. आधी फाटकाजवळचा तो तपकिरी कुत्रा. मग शिवणकामवाल्या बाईंचा. त्या दोन कुत्र्यांचं टाके घालून भागलं. दर वेळी तेच. ना भुंकणं, ना काही. शांत उभा असतो आणि एकाएकी तुटून पडतो. मी बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शब्द दिलाय.

मी : एकाएकी नव्हतं ते.

बाबा : तू तिथेच होतीस ना? पट्टा तुझ्याच हातात होता.

मी : म्हणून तर सांगतेय.

आई : अहो, तिला आता त्यावरून नका बोलू.

मी : बोलू दे. लिफ्टमध्ये मी, भुंग्या, सिस्टर आणि कापूस. दार बंद झालं. तुम्हीच म्हणालात, ‘दार बंद होत आहे.’ कापूस नेहमीसारखी त्याच्या पाठीवर, शेपटीच्या बाजूला, पुढचे पाय टेकवून उभी राहिली. वर्षानुवर्षं तसंच करायची ती, तिला वाटायचं हा आपला जिना आहे. भुंग्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी हसले. म्हटलं, बघा, लाजतोय. तिने परत पाय टेकवले. त्याने परत तोंड फिरवलं, पार कोपऱ्यात घातलं. मी परत हसले. तिसऱ्यांदा...

आई : पुरे. पाणी पी.

मी : नको. मी काल वर गेले होते. सिस्टरकडे.

आई : एकटी? आणि मला न सांगता?

मी : सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस? भाषण पाठ करून गेले होते. गॅदरिंगला अख्ख्या शाळेसमोर माईक हातात घेऊन बडबडणारी मी, दार उघडल्यावर एक शब्द आठवेना. नुसती उभी. त्याच म्हणाल्या, आत ये, दारात उभी राहून पाय दुखतील. कापूसची वाटी अजून तिथेच आहे. पाणी भरलेलं.

आई : अजून भरतात?

मी : हात आपोआप भरतो म्हणाल्या.

बाबा : काही बोलल्या? आपल्याबद्दल?

मी : रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तो गुरगुरला नाही गं. मला डोळ्यांनी कमी दिसतं, मी कापूसला कानांनीच सांभाळायची. कुठला कुत्रा गुरगुरला की लगेच उचलून घ्यायची. हा गुरगुरला असता, तर मी तिला उचललं असतं.’

आई : उचललंच असतं त्यांनी.

मी : हो ना.

आई : मग?

मी : मग रात्रभर मी आठवत बसले. भुंग्याला गुरगुरताना मी शेवटचं कधी ऐकलं? मला एकदाही आठवेना. बाबा, तुम्हाला आठवतंय?

बाबा : त्याला सवय आहे गप्प राहायची.

मी : सवय होती की आपण लावली?

बाबा : लावावी लागली. घरात रेकॉर्डिंग चालतं. कुत्रा भुंकला की सगळं पहिल्यापासून. सुरुवातीला गुरगुरायचाही फार. खाताना, झोपेत, कोणी दारावरून गेलं तरी. मी नुसता हात वर करायचो आणि ‘गप्प’ म्हणायचो. गप्प झाला की बिस्कीट. फार लवकर शिकला. मारलं नाही मी त्याला कधी. एक चापटसुद्धा नाही.

मी : माहीत आहे.

बाबा : लोक विचारायचे, एवढा शहाणा कुत्रा कुठून आणलात? लिफ्टवाली माणसं यायची, बोलक्या पुस्तकांचे प्रकाशक यायचे, दोन-दोन तास बसायचे. त्यांना कळायचंही नाही टेबलाखाली कुत्रा आहे म्हणून.

मी : मला पण तेच म्हणायचे. किती गुणी मुलगी, घरात आहे की नाही कळत नाही. मला तर सातवीपर्यंत वाटायचं, सगळ्यांच्याच घरी लाल दिवा लागला की शिंक गिळायची असते. डबडीच्या घरी राहायला गेले तेव्हा कळलं, लोक भांडी आपटतात, शिट्ट्या मारतात, चक्क एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलतात.

आई : तुला आम्ही कधी...

मी : नाही गं, तक्रार नाही करत. मी आता बोलते ना. माझं तोंड आता बंद होत नाही, तूच म्हणतेस. त्याचं मात्र उघडायचं राहिलं.

बाबा : डॉक्टरही असंच काहीतरी म्हणाले.

आई : काय म्हणाले? मला तर तुम्ही फक्त शनिवारचं सांगितलंत.

बाबा : मागच्या पायाचा सांधा झिजलाय त्याचा. खुब्यात. त्यांनी तिथे दाबून बघितलं. भुंग्या हूं की चूं नाही. फक्त थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, एवढं दुखत असताना इतका गप्प कुत्रा मी पाहिला नाही.

आई : मग तुम्ही?

बाबा : मी म्हणालो, आमच्याकडे शिस्तच तशी आहे.

आई : अहो.

बाबा : अभिमानाने म्हणालो.

मी : म्हणजे कापूस पाय टेकवायची ते तिथेच. दुखऱ्या जागी. आणि त्याला सांगता येत नव्हतं, बाई गं, आज नको.

बाबा : कारण काही असो, पोरी, जीव गेलाय. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण एकदा दुसऱ्या कुत्र्यांची धास्ती मनात बसली की ती निघेलच असं नाही. पुन्हा चावणार नाही असं लिहून देता येत नाही. पुढचं तुम्ही ठरवा, म्हणाले. मी ठरवलं.

मी : एकट्याने.

बाबा : मी आणला होता, मी शिकवला होता. दुसऱ्या कोणावर कशाला टाकायचं?

आई : एक सांगू? पहिल्या वर्षी तो तुमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये असायचा. मी बसून कापायची. तुमचे श्वास, खुर्चीची करकर आणि भुंग्या. मग हळूहळू कापायला काही उरेना. मला वाटलं, बरं झालं, मेलं एक काम कमी झालं. तो गप्प होत गेला हे सगळ्यात आधी मला कळलं होतं. आणि मी खूश होते.

मी : कापलेलं कुठे जातं?

आई : कुठे जाणार? पुसून टाकते. पण एक तुकडा ठेवलाय. अगदी पिल्लू होता तेव्हाचा. मध्ये एकदा ऐकला होता... थांब.

(आई कॉम्प्युटरवर काहीतरी शोधते आणि लावते. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एक बारीकशी, घशातल्या घशात घोळणारी गुरगुर ऐकू येते आणि लगेच संपते.)

मी : हा भुंग्या आहे?

आई : म्हणून तर भुंग्या नाव ठेवलं. सारखा असा गुणगुणायचा.

मी : बघा ना, टेबलाखाली बघा. कान टवकारलेत त्याने.

आई : शोधतोय.

मी : कोणता कुत्रा आलाय ते शोधतोय. त्याला कळतच नाहीये, तो कुत्रा म्हणजे तो स्वतःच आहे.

बाबा : बंद कर ते.

आई : बंदच आहे. संपलं कधीच.

मी : बाबा, तुम्ही रडताय?

बाबा : नाही. हा हेडफोन घट्ट बसलाय कानांवर.

मी : मग काढा ना तो.

(बाबा हेडफोन काढून टेबलावर ठेवतात.)

आई : काय करायचं मग? घरात ठेवायचा? तोंडाला जाळी बांधून?

मी : आज सकाळी बांधली होती. तुम्ही झोपला होतात. अगदी हळूच बांधली, तो शहाण्यासारखा बांधूनही घेतो. दार उघडलं, तर समोर शिवणकामवाल्या बाई त्यांच्या कुत्र्याला घेऊन. भुंग्या मागे सरकला, माझ्या दोन पायांच्या मध्ये घुसला आणि तिथेच शू केली. मी दारापुढची फरशी पुसली, बाईंना सॉरी म्हटलं आणि दार लावलं.

आई : मला वाटलं बादली उपडी झाली.

मी : मला पण आधी घरातच ठेवावं असं वाटलं होतं गं. की जाळी बांधू, सगळ्यांच्या आधी उठून फिरवू, मी आहे ना, मी सगळं करीन. मैत्रिणींना मी तसं सांगूनही आलेय, छाती पुढे काढून. पण हा जिना एवढासा, लिफ्ट एकच, आणि दार उघडलं की कोणाचा ना कोणाचा कुत्रा. आणि घरात दिवा. त्याने कुठे जाऊन सांगायचं, मला दुखतंय?

बाबा : म्हणूनच मी म्हणत होतो, शनिवारी...

मी : मी आत्याला फोन केला.

बाबा : माझ्या बहिणीला? तिच्या त्या वखारीत दिवसभर करवत किंचाळते. तिच्याकडून फोन आला की मी कानापासून हातभर लांब धरतो.

मी : माहीत आहे. पण वखारीला उंच भिंत आहे, आत एकही कुत्रा नाही, आणि फाटकाला कायम कडी असते. मी तिला सगळं सांगितलं. कापूसचं पण. काही लपवलं नाही. आधी चक्क गप्प बसली.

आई : ती? गप्प?

मी : हो ना, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, ‘दादाला सांग, आण त्याला. गुरगुरला तर मी लांब बसेन. माझ्यावर घरातली सगळीच गुरगुरतात, अजून एक.’

आई : इतक्या लांब. तुला दर आठवड्याला जाता येणार नाही.

मी : नाही येणार.

आई : तुझ्या अंथरुणाशी झोपतो तो. तू राहशील?

मी : नाही राहणार. रडेन. आता पण रडतेच आहे, बघतेस ना. लंबूला सांगू नका फक्त.

बाबा : आणि मीटिंगमध्ये दिलेला शब्द?

मी : कुत्रा बिल्डिंगमधून जाईल, हा शब्द दिलात ना? तो जाईल. सिस्टरना मी स्वतः वर जाऊन सांगेन, कुठे जातोय ते. त्या म्हणाल्या नको, जिवंतच नको, तर... तर मी ऐकून घेईन. पण त्या तसं म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

बाबा : तू सगळं ठरवूनच आलीस.

मी : नाही. ते गुरगुरणं ऐकलं ना आत्ता, तोपर्यंत अर्धं मन त्याला इथेच ठेवायचं म्हणत होतं. आता ठरलंय. शनिवारी डॉक्टरांकडे जायचं, पण त्याच्या पायाच्या गोळ्या आणायला. तिथून तसंच आत्याकडे. पट्टा मी धरणार. आणि बाबा, तोवर लाल दिवा लावायचा नाही. तो काही बोलला, तर बोलू दे.