शेवटच्या आकड्यापर्यंत

ताई : उत्तर सारखं आलंय, हीच तर माझी तक्रार आहे.

बारक्या : ऐकावं ते नवल. वेगळं आलं असतं तर तुम्ही मला सोलून काढलं असतं, ताई.

ताई : विषय बदलू नकोस. जमिनीखालच्या पाण्याचा हा प्रोग्रॅम मी लिहिलाय आणि तुलाही मीच शिकवलाय. जुन्या मशीनवर बेरजेचे तुकडे थोडे पडायचे, नव्यावर ढीगभर पडतात. मशीन दर बेरजेला शेवटचे दशांश छाटतं, म्हणून ते जोडायचा क्रम बदलला की शेवटचे एकदोन आकडे हलतातच. तुझे जागचे हललेले नाहीत. खरंच नव्या मशीनवर चालवलास, की जुनीच फाइल उचलून तिला नवं नाव दिलंस?

बारक्या : चालवला.

ताई : नव्या मशीनच्या रांगेत आपला नंबर लागत नाही म्हणून सर येईल त्याच्यावर खेकसतायत. तुझा बरा लागला.

बारक्या : रविवारी दुपारी लावायचो. तेव्हा बाकीचे झोपलेले असतात.

ताई : आणि मी बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून मला टाळतोयस, ते? मी चहाला आले की कप अर्धा टाकून उठतोस. तुझ्या कायमच्या नोकरीसाठी माझं शिफारसपत्र आज जायचंय. खोट्या आकड्यांवर मी सही करणार नाही. लाडका असलास तरी.

बारक्या : मी तुमची बेरीज बदलली. आता तुकडे कितीही पडू देत, जोडायचा क्रम जुन्या मशीनवरचाच राहतो.

ताई : कुणी हात लावायचा नाही असं मी बजावून गेले होते, तो भाग?

बारक्या : म्हणून तर टाळत होतो.

ताई : फोन करता येत नव्हता?

बारक्या : केला होता. मागे बाळ टाहो फोडत होतं. तुम्ही म्हणालात, नंतर बोलू. मग पुन्हा धीर झाला नाही.

ताई : सबब छान शोधलीस, बाळाचं नाव घेतलं की मी विरघळेन. छोटी चाचणी लाव, आत्ता, माझ्यासमोर. तुकडे किती ते मी सांगणार. काहीतरी अडनिडा आकडा.

(प्रोग्रॅम चालू होतो. दोघं पडद्याकडे बघत बसतात.)

ताई : हळू झालाय.

बारक्या : थोडा. सरांना अजून बोललो नाही.

ताई : थांब. आलं उत्तर. तेच आहे रे. अगदी टोकापर्यंत तेच.

बारक्या : मग पत्र?

ताई : पाठवते. सरांशीही मीच बोलेन. पण एवढं बजावूनही हात का लावलास?

बारक्या : तुम्ही परत येणार नाही, असं सगळे म्हणायला लागले होते. तो भाग तुमच्याशिवाय कुणालाच कळत नव्हता. पुढेमागे प्रोग्रॅमच बंद पडला असता.

ताई : सगळे म्हणजे, सरसुद्धा?

बारक्या : पहिले तेच.

ताई : आणि तू?

बारक्या : तुमचं टेबल न्यायला माणसं आली, तेव्हा मी त्यावर डबा उघडून जेवायला बसलो. फार सावकाश जेवलो.