वजनाला बक्षीस न्हाय

नाही वस्ताद, मी खाली बसणार नाही! तालीम तुमची, शोकसभा तुमची, पण सिस्टर आमच्याही होत्या. मघापासून ऐकतेय, सुमन सिस्टर मायाळू होत्या, शांत होत्या. शांत? मंडळी, तुम्ही दुःखात आहात, मीही आहे. पण दवाखान्यातली ही नर्स शांत नव्हती की!

आठवा, आपली सुदृढ बालक स्पर्धा. परीक्षक सिस्टर. सगळ्यांत जड बाळ वस्तादांचा नातू. पेढे आधीच आणून ठेवलेले. आणि सिस्टर म्हणाल्या, "वजनाला बक्षीस न्हाय."

वस्ताद, केवढ्यानं ओरडलात तुम्ही! "दृष्ट लावतासा व्हय पोराला? घरच्या म्हशीचं दूध हाय ते!"

"मग म्हशीला बक्षीस देऊया की. पोराला रांगताना धाप लागतीया."

हसा, हसा. त्याही हसल्या असत्या.

तेव्हापासून दर गुरुवारी त्या शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात बसायच्या. लहान मुलांच्या लठ्ठपणावर डॉक्टरी मासिकांत काय संशोधन आलंय, ते आयांना वाचून दाखवायच्या. मराठी मी करून द्यायचे. एकदा मी लिहिलं, 'अतिपोषण'. सिस्टर म्हणाल्या, "लेखिकाबाई, हे कुणाला कळायचं? पोट भरल्यावरबी पाजणं, असं लिवा."

मी म्हटलं, डॉक्टर सांगतील की हे. तुम्ही कशाला?

"संशोधन कपाटात ठेवून काय करायचं? कपाटाला पोरं हायत व्हय?"

परवा नळावर ऐकलं. एक सासू सुनेला सांगत होती, "रडलं की परत्येक येळी दूधच नगं. उचलून घे, खेळीव. भूकच असती असं न्हाय." त्या म्हातारीनं मासिक डोळ्यांनी बघितलेलं नाही. तरी ते तिच्यापर्यंत पोचलं. मग सिस्टर गेल्या, असं कसं म्हणू मी?

पण काल तुमच्या तालमीच्या मंडळानं ठरवलं, यंदा पुन्हा सगळ्यांत जड बाळाला पहिलं बक्षीस. आज त्यांच्या फोटोला हार, आणि रविवारी स्पर्धेत वजनाला बक्षीस? सिस्टर असत्या तर धाडस झालं असतं का कुणाचं?

चला, उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहूया त्यांच्यासाठी. तुम्ही राहा, मला जायला हवं. आज गुरुवार. व्हरांड्यात आया पोरं घेऊन बसल्यात, वाचायला मी चाललेय. वस्ताद, सगळ्यांत पुढं तुमची सूनबाई बसलीय.

काही बोलू नका. शांतता सुरू झालीय.